गुन्ह्याची कबुली आणि हद्दपारी (अमेरिका)

अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचत नाहीत. सरकारी वकिलाशी तडजोड करून आरोपी एखादा कमी गंभीर आरोप मान्य करतो आणि त्या बदल्यात सौम्य शिक्षा पदरात पाडून घेतो. आरोपी अमेरिकेचा नागरिक नसेल, मग तो व्हिसावर आलेला असो वा ग्रीन कार्डधारक, तर याच कबुलीच्या आधारे त्याला देशाबाहेर काढण्याची वेगळी कारवाई सुरू होऊ शकते. ही कारवाई दिवाणी मानली जात असल्याने तीत सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसतो.

१९९६ च्या दुरुस्तीनुसार, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने काही शिक्षा किंवा निर्बंध घातला, की इमिग्रेशन कायद्यापुरता तो दोषी ठरतो. पुढे चांगल्या वर्तनामुळे राज्याच्या न्यायालयाने प्रकरण निकाली काढले तरी सामान्यतः त्याचा उपयोग होत नाही. स्थगित शिक्षाही पूर्ण धरली जाते. त्यामुळे चोरीबद्दल एक वर्षाची स्थगित शिक्षा झालेला, तुरुंगात एक रात्रही न काढलेला माणूस ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’ या सर्वांत कडक वर्गात जाऊ शकतो. ३६४ दिवसांची शिक्षा झालेला मात्र त्यातून वाचतो. वॉशिंग्टन (२०११), कॅलिफोर्निया (२०१५) आणि न्यूयॉर्क (२०१९) या राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली, ती याच कारणाने. १९८८ मध्ये हा वर्ग निर्माण झाला तेव्हा त्यात खून आणि अमली पदार्थ व शस्त्रांची तस्करी एवढेच होते; आता १०,००० डॉलरहून अधिक नुकसानीची फसवणूकही त्यात मोडते. या वर्गात गेलेल्या ग्रीन कार्डधारकाला हद्दपारी रद्द करण्याची नेहमीची सवलत मागता येत नाही, मग त्याचे कुटुंब अमेरिकी नागरिकांचे का असेना. अमली पदार्थांच्या बाबतीत स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल, तर हद्दपारीतून सूट मिळते.

या विषयातला मध्यवर्ती निकाल ‘पडिला विरुद्ध केंटकी’ हा आहे. होंडुरासमध्ये जन्मलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला आणि ४० वर्षांहून अधिक काळ कायम रहिवासी असलेला ट्रकचालक पडिला गांजाच्या वाहतुकीत सापडला. इतकी वर्षे इथे काढल्यामुळे इमिग्रेशनची चिंता करण्याचे कारण नाही, असे वकिलाने सांगितले म्हणून त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी जवळपास अटळ झाली. ३१ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की हद्दपारीच्या धोक्याची कल्पना अशिलाला देणे हा सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेल्या वकिलाच्या हक्काचाच भाग आहे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या बहुमताच्या निकालानुसार परिणाम कायद्यात स्पष्ट असेल तिथे नेमका सल्ला द्यावा लागतो, अस्पष्ट असेल तिथे धोका संभवतो एवढे सांगणे पुरते. म्हणजे जिथे सल्ल्याची गरज सर्वाधिक, तिथेच वकिलाचे कर्तव्य सर्वांत हलके, ही या निकालाची उणीव म्हणावी लागेल. २०१३ मध्ये ‘शाइडेझ’ खटल्यात हा नियम आधी अंतिम झालेल्या प्रकरणांना लागू नसल्याचे ठरले. २०१७ मध्ये ‘ली’ खटल्यात, सुटण्याची आशा जवळजवळ नसतानाही हद्दपारीच्या भीतीने आरोपीने खटला लढवणेच पसंत केले असते हे कबुलीच्या वेळच्या पुराव्यावरून दिसत असल्यास चुकीच्या सल्ल्यावरून दिलेली कबुली रद्द होऊ शकते, असे न्यायालय म्हणाले.

महाराष्ट्रातून एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनाही हेच नियम लागू होतात. दुकानातील किरकोळ चोरी नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरून पुढचा व्हिसा अडू शकतो, तर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकेचे परराष्ट्र खाते पासपोर्टवरील व्हिसा रद्द करू शकते. तिथे कबुलीचीही वाट पाहिली जात नाही.