ऐच्छिक लवाद (औद्योगिक)

मालक व कामगार यांच्यातील तंटा उभयपक्षी मान्य अशा त्रयस्थाकडे लेखी कराराने सोपविण्याची पद्धत. मराठीत ‘लवाद’ हा शब्द निवाडा करणारी व्यक्ती आणि निवाड्याची पद्धत या दोहोंसाठी चालतो. ‘पाणी तंटा लवाद’सारख्या सरकारनियुक्त मंडळांनाही तो लावतात, पण तेथे पक्षकारांच्या संमतीचा प्रश्न नसतो. समेट अधिकारी तडजोड घडवू पाहतो. लवादाचा निवाडा मात्र सही करणाऱ्यांना बांधतो.

मुंबईतील उगमाबद्दल एकमत नाही. एक मत मराठेशाहीतील पंचायतीकडे बोट दाखवते. पंचांचा निर्णय मान्य राहील असा ‘राजीनामा’ वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत (तेव्हा या शब्दाचा अर्थ संमतिपत्र असा होता). मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या सातव्या विनियमाने दिवाणी तंट्यांत लवादाला जागा दिली. पण तेथून गिरणगावापर्यंत धागा जोडणे अवघड आहे. दुसरे मत अहमदाबादचा १९१८ चा गिरणी संप प्रमाण मानते. त्यात आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून ३५ टक्के वाढीचा निवाडा दिला. मुंबईत १९२४ च्या बोनस संपाच्या वेळी मॅक्लाउड समिती आणि १९२८ च्या सार्वत्रिक संपानंतर फॉसेट समिती नेमली गेली. त्यांना कधीकधी लवाद म्हटले जाते, परंतु त्या सरकारने नेमलेल्या चौकशी समित्या होत्या. त्यामुळे १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटे अधिनियमापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक दिसते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये ऐच्छिक लवादाची तरतूद आहे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कलम १०-क हे १९५६ च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार तंटा न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी करार करावा लागे. करारनाम्यात वादाचे नेमके मुद्दे, आस्थापनेचे व संघटनेचे नाव, एकूण आणि बाधित कामगारांची संख्या व लवादाचे नाव असे. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या. मुद्द्यांची ओळ मोघम राहिली की पुढचा निम्मा वाद त्या ओळीच्या अर्थावरच होतो. करार राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागे. ही प्रसिद्धी अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरविले. लवादांची संख्या सम असल्यास मतभेदाच्या प्रसंगासाठी आणखी एक पंच आधीच नेमावा लागे.

अशा लवादाचे स्थान काय, हा प्रश्न इंजिनियरिंग मजदूर सभा विरुद्ध हिंद सायकल्स या मुंबईच्या प्रकरणात आला. १९६२ च्या निकालात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी म्हटले की, हा लवाद निव्वळ खासगी नाही, तरी राज्याची न्यायिक सत्ता त्याच्याकडे नसल्याने तो संविधानाच्या अनुच्छेद १३६ च्या अर्थाने न्यायाधिकरण ठरत नाही. म्हणून त्याच्या निवाड्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील नाही. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने (१९६९) ही पद्धत न रुजण्याच्या कारणांत अपिलाचा अभाव मोजला. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेले लवाद दुर्मिळ, हेही एक कारण. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट मात्र १९७६ च्या रोहतास इंडस्ट्रीज निकालाने स्पष्ट झाली.

कापड गिरण्यांत आणखी एक अडचण होती : कामगारांच्या वतीने सही कोणी करायची? १९४६ च्या अधिनियमाने प्रातिनिधिक संघाला (कामगारांचा प्रतिनिधी म्हणून नोंदलेल्या संघटनेला) अग्रहक्क दिला आणि तो दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात बहुसंख्य कामगार दत्ता सामंत यांच्या मागे असूनही ही स्थिती बदलली नाही.

१९४७ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत (२०२५ पासून लागू) ऐच्छिक लवादाची तरतूद कायम आहे.