सियाचीन हिमनदी : लष्करी वावराचे पर्यावरणीय परिणाम

पूर्व काराकोरम पर्वतरांगेतील सियाचीन हिमनदीवर १९८४ पासून भारतीय सैन्य कायम तैनात आहे. त्या तैनातीचा तिथल्या बर्फावर व पाण्यावर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. हिमनदीची लांबी आज साधारणतः ७६ किमी. मानतात, जुन्या ग्रंथांत ७२ ते ७५ किमी. असे आकडे आढळतात. नावाची फोड बाल्टी भाषेतून करतात : ‘सिया’ म्हणजे रानगुलाब, ‘चेन’ म्हणजे विपुलता. ही झुडपे हिमनदीच्या मुखाखालील (खालच्या टोकापलीकडील) दरीत वाढतात.

१९७२ च्या शिमला करारानंतर भारत व पाकिस्तान यांच्यात आखलेली नियंत्रण रेषा नकाशावरील एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपली. पुढचा भाग ‘उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’ एवढ्या शब्दांवर राहिला. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू होऊन भारतीय सैन्याने हिमनदीच्या पश्चिमेकडील साल्तोरो या डोंगरधारेवरील खिंडी ताब्यात घेतल्या. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर तोफा थांबल्या. पुरवठा चालूच आहे, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने गोळीबारापेक्षा तोच महत्त्वाचा.

उंचावरच्या चौक्यांवर पारा उणे ५० अंश से.पर्यंत उतरतो. फायबरच्या लहान झोपडीत रॉकेलची बुखारी (ऊब देणारी शेगडी) पेटती ठेवावी लागते. पिण्याचे पाणीही बर्फ वितळवूनच मिळते. धुरात राहिलेल्या जवानांच्या थुंकीत काजळी उतरते. हीच काजळी बर्फावर बसली की बर्फ कमी प्रकाश परावर्तित करतो आणि लवकर वितळतो. रॉकेल पूर्वी मुख्यतः हेलिकॉप्टरने जाई. पुढे त्यासाठी हिमनदीवरून नळ टाकण्यात आले. रिकामे डबे, पिंपे, पॅराशूट, तोफगोळ्यांची कवचे व मैला यांची विल्हेवाट दीर्घकाळ बर्फातील भेगांत लावली गेली. रोज सुमारे एक टन कचरा हा वारंवार उद्‌धृत होणारा आकडा ढोबळच समजावा. या थंडीत मैलाही कुजत नाही. भेगेत टाकलेली वस्तू बर्फाबरोबर हळूहळू खाली सरकते. हिमनदीच्या मुखातून नुब्रा नदी निघते, ती श्योकला व श्योक सिंधूला मिळते. हे पाणी दोन्ही देशांचे आहे.

हिमनदी लष्करी वावरामुळे मागे हटते आहे काय, हा वादाचा मुद्दा आहे. पाकिस्तानी अभ्यासकांच्या एका गटाने सुमारे ५.९ किमी. माघार नोंदवली, भारतीय तळांना त्याचा दोष देणारे मतही तिकडे मांडले गेले. जम्मू विद्यापीठाचे आर. के. गंजू व त्यांच्या सहकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहणीत एवढी माघार आढळली नाही. मतभेदाचे एक कारण मोजणीतच असावे. मुखाजवळचा बर्फ दगडमातीखाली झाकलेला असतो. उपग्रहचित्रात हा मळका भाग हिमनदीत धरायचा की नाही, यावर मुखाची जागाच बदलते. काराकोरममधील अनेक हिमनद्या हिमालयातील हिमनद्यांच्या मानाने स्थिर आहेत. केनेथ हेविट यांनी २००५ मध्ये यासाठी ‘काराकोरम अपवाद’ ही संकल्पना मांडली. गंजू यांचे निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला अधिक ग्राह्य वाटतात. परंतु मुख जागेवर आहे म्हणून प्रदूषण नाही असे ठरत नाही, आणि वादाच्या धुरळ्यात नेमकी ही गोष्ट मागे पडली, हे दुःखद आहे.



मुंबईचे गिर्यारोहक हरीश कपाडिया यांनी येथे दोन्ही देशांनी मिळून ‘शांतता उद्यान’ करावे, यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जून २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही सियाचीनला भेट देऊन हा ‘शांततेचा पर्वत’ व्हावा अशी इच्छा व्यक्त केली. उद्यान झाले नाही. २०१८ पासून सैन्याने कचरा खाली आणण्याची मोहीम हाती घेतली व पुढील वर्षापर्यंत सुमारे १३० टन कचरा उतरवल्याचे सांगितले. चौकीवरून परतणारा जवान आपल्याबरोबर कचऱ्याचे ओझेही खाली आणतो. त्याआधीच्या तीन दशकांत भेगांत गेलेल्या कचऱ्यापर्यंत मात्र माणसाचा हात पोहोचत नाही.