<<= ने नक्की काय सरकतं?

प्रोग्रॅममध्ये क या नावात ५ असताना क <<= ३ लिहिलं की ४० मिळतात. बिट (संख्येतले ०-१ चे अंक) तीन घरं डावीकडे गेले, संख्या आठपट झाली. पण क हा ऑब्जेक्ट असेल तर? तोच जागच्या जागी बदलतो, की नवा तयार होऊन क हे नाव त्याला लागतं? त्याच ऑब्जेक्टला ख हे दुसरं नाव देऊन ठेवा, फरक लगेच दिसेल.

पायथॉन आधी क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) ‘आयएलशिफ्ट’ ही खास मेथड, म्हणजे फंक्शन, शोधतो (नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर). ती नसेल तर साधी ‘एलशिफ्ट’ चालते. दोन्ही वेळा आलेलं उत्तर परत क ला दिलं जातं. पूर्णांकाला आयएलशिफ्ट नाही, म्हणून ख ५ च राहतो. नमपाय (NumPy) या पायथॉन लायब्ररीच्या अ‍ॅरेला, म्हणजे आकड्यांच्या यादीला, ती आहे, म्हणून तिथे ख मधूनही सरकलेलेच आकडे दिसतात. ही मेथड स्वतः लिहिताना शेवटी ‘रिटर्न सेल्फ’ विसरलात तर क चा ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) होतो, आणि एरर त्या ओळीवर न येता पुढे कुठेतरी क वापरताना येते. शोधत बसा! ट या टपलमधल्या (टपल म्हणजे बदलता न येणारी यादी) अ‍ॅरेवर ट[०] <<= १ केलं तर टाइपएरर येते, तरी अ‍ॅरे सरकलेला असतो: मेथड आधी चालते, टपलमध्ये परत ठेवण्याचा प्रयत्न नंतर फसतो.

रुबीत क <<= ३ म्हणजे फक्त क = क << ३. पण अ‍ॅरेचा << त्याच अ‍ॅरेच्या शेवटी घटक जोडतो, त्यामुळे ख मध्येही तो दिसतो.

सी++ मध्ये << लिहिला म्हणून <<= आपोआप मिळत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. त्यातून रेफरन्सऐवजी (मूळ ऑब्जेक्टच्या दुव्याऐवजी) प्रत परत दिली, तर (क <<= १) <<= १ मधला दुसरा शिफ्ट त्या प्रतीवर होऊन वाया जातो.

जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टची आधी संख्या करतो. रिकाम्या ऑब्जेक्टवर <<= ३ केलं की ऑब्जेक्ट जाऊन तिथे मुकाट्याने ० येतं.

जावात आपल्या क्लाससाठी ऑपरेटर लिहिताच येत नाही, पण सापळा साध्या, आठ बिटांच्या बाइटमध्येच आहे. -१ वर >>>= १ (बिट उजवीकडे सरकवून डावीकडे ० भरणं) केल्यावर १२७ येतील असं वाटतं, येतो -१. बाइट आधी ३२ बिटांचा इंट होतो, सगळे बिट १. सरकवल्यावर ० येतो तो सर्वांत वरच्या बिटात. परत बाइट करताना खालचे आठच बिट उरतात, आणि ते अजून १ च असतात. म्हणून आधी & २५५ करा, मग >>> १, आणि शेवटी बाइटमध्ये कास्ट (रूपांतर).