शालेय नेतृत्व

शालेय नेतृत्व म्हणजे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि त्यांच्यासोबत जबाबदारी उचलणारे सीनियर शिक्षक मिळून शाळा ज्या पद्धतीने चालवतात ती पद्धत. हा शब्द ऐकला की बऱ्याच जणांना ऑफिस, सह्या, परिपत्रकं आणि शिस्त एवढंच आठवतं. पण मुलं किती शिकतात, सगळ्यांना सारखी संधी मिळते का आणि शिक्षक खुशीत काम करतात की कसेबसे दिवस ढकलतात, या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठरतात, आणि बऱ्याचदा एकाच कागदावर. तो कागद म्हणजे टाइमटेबल, त्याबद्दल पुढे येतंच.

या विषयाचा अभ्यास सुरू झाला तो एका निराशेतून. 1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शाळांवरचा अहवाल आला, त्यातून बऱ्याच लोकांनी असा अर्थ काढला की मुलाच्या घरच्या परिस्थितीपुढे शाळेचं फारसं काही चालत नाही. तिथलेच शिक्षण अभ्यासक रॉन एडमंड्स यांना हे पटलं नाही, त्यांनी गरीब वस्त्यांमधल्या पण मुलं नीट शिकतायत अशा शाळा शोधल्या आणि 1979 मध्ये मांडलं की अशा शाळांमध्ये खंबीर नेतृत्व आणि प्रत्येक मुलाकडून मोठी अपेक्षा या गोष्टी दिसतातच. पुढे 2004 मध्ये शालेय नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याच्या खालोखाल नेतृत्वाचा. 2021 चा अमेरिकेतलाच एक मोठा आढावा सांगतो की सरासरीपेक्षा कमी प्रभावी मुख्याध्यापकाच्या जागी चांगला प्रभावी माणूस आला तर वर्षाला साधारण 3 महिन्यांच्या शिकण्याइतका फरक पडतो, तोही शाळेतल्या सगळ्या मुलांना.

पण चांगला मुख्याध्यापक नेमकं करतो काय? न्यूझीलंडच्या शिक्षण संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला पाठिंबा देणाऱ्या आणि त्यात स्वतःही भाग घेणाऱ्या नेतृत्वाचा. स्वतः भाग घेणाऱ्या, हे महत्त्वाचं, नुसतं ट्रेनिंगला पाठवून मोकळं होणं नाही. समजा मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून तास बघतायत. फळ्यावरचं अक्षर कसं आहे हे न लिहिता त्या फक्त एवढंच नोंदवतात की कुठला प्रश्न कोणाला विचारला, आणि तास संपल्यावर तो कागद शिक्षकासमोर ठेवतात, तर दिसतं की जवळजवळ सगळे प्रश्न पुढच्या दोन बाकांवरच गेलेत. शेरा नाही, रागावणं नाही, शिक्षक स्वतःच म्हणतो की उद्या मागून सुरुवात करतो. अशा फीडबॅकने शिकवणं बदलतं, वर्षातून एकदा फॉर्म भरून केलेल्या निरीक्षणाने सहसा नाही.

आता टाइमटेबल. अनुभवी शिक्षक हुशार तुकडीला आणि नवीन रुजू झालेला शिक्षक सगळ्यात अवघड वर्गाला, ही वाटणी इतक्या ठिकाणी इतकी सवयीची झालीय की तिच्यात अन्याय आहे हे कोणाला जाणवतच नाही. ज्या मुलांना चांगल्या शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच तो मिळत नाही, आणि नवीन शिक्षकही पहिल्याच वर्षी खचतो. समानता म्हणजे सगळ्यांना सारखंच देणं नव्हे, ज्याला जास्त लागतं त्याला जास्त देणं. आणि ते करायचं तर सरासरी निकालावर समाधान मानून चालत नाही. वर्गाबाहेर वारंवार कोणाला काढलं जातं, स्नेहसंमेलनात तीच तीच मुलं का दिसतात, अपंग मुलाचा वर्ग वरच्या मजल्यावर का, हे सगळं बघावं लागतं. हजेरीपत्रक हा तर शाळेच्या हाताशीच असलेला डेटा, एखादी मुलगी दर सोमवारी गैरहजर दिसली तर दंड करण्याआधी घरी कोणीतरी जाऊन विचारायला हवं.

शिक्षकांच्या मनस्वास्थ्याबाबत सगळ्यात जास्त गफलत होते असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या करताना तो आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था मानलीय, म्हणजे इलाज कामाच्या रचनेतच शोधायला हवा. ऑफ तास रोज बदली तासात जात असेल, तीच माहिती तीन वेगवेगळ्या फॉर्ममध्ये भरावी लागत असेल आणि रात्री दहाला ग्रुपवर सूचना येत असतील तर शनिवारी ताणमुक्तीचं शिबिर ठेवून काय होणार. एक अहवाल कमी करणं, संध्याकाळनंतर मेसेज न पाठवणं, चिडलेल्या पालकासमोर शिक्षकाला एकटं न सोडणं, याने जास्त फरक पडतो. अमेरिकेत शिकागोतल्या शाळांचा अभ्यास करून अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की जिथे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर विश्वास आहे तिथे सुधारणा टिकतात, आणि हा विश्वास आदर, आपुलकी, कामातली क्षमता आणि सचोटी यांतून तयार होतो.

हे सगळं एकट्या माणसाने करायचं म्हटलं तर मुख्याध्यापकच आधी थकेल. म्हणून जबाबदारी वाटून घेण्यावर आता भर आहे, भाषेची जबाबदारी एकाकडे, नवीन शिक्षकांना सांभाळायची दुसऱ्याकडे, पण काम देताना त्यासाठीचा वेळ आणि निर्णय घ्यायचा अधिकारही द्यावा लागतो, नाहीतर ती निव्वळ ओझ्याची वाटणी होते. असं वाटून दिलेलं काम मुख्याध्यापकांची बदली झाली तरी चालू राहू शकतं, कारण कुठल्या मुलाकडे लक्ष द्यायचंय हे तोवर अख्ख्या स्टाफरूमला माहीत झालेलं असतं.