केस सुटू न देण्याची कला: कायोटीचं कातडं

अमेरिकेतल्या मोंटाना किंवा कॅनडातल्या अल्बर्टातला जाणता फर-खरेदीदार कायोटीची, म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्या-लांडग्याच्या तिथल्या नातलगाची, लव हातात धरून बघतोच, पण त्याचबरोबर कातड्याच्या खालच्या कडेतून आतही डोकावतो. आतली बाजू निळसर काळी असेल तर जनावर हिवाळी केसांची वाढ पूर्ण होण्याआधीच मारलं गेलंय. केस वाढत असताना त्यांच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य साठलेलं असतं आणि कातड्याच्या मांसाकडच्या बाजूने ते निळं दिसतं. वाढ पूर्ण झाली की रंग केसात गेलेला असतो, मुळं रिकामी होतात आणि कातडं साईसारखं पांढरट पडतं. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात हे साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत घडतं. थंडी किती पडली यापेक्षा दिवस किती लहान झाला यावर ते जास्त अवलंबून असतं. फेब्रुवारीपासून मांड्यांवरचे केस घासून तुटू लागतात आणि भाव घसरतो.

 कायोटीच्या अंगावर दोन थर असतात: वरचे लांब, राठ केस आणि त्याखालची दाट, मऊ लव. राठ केसांची लांबी कमी-जास्त असल्याने जाकिटाच्या टोपीला लावलेली झालर चेहऱ्याभोवती हवेचा एक स्थिर थर धरून ठेवते. तिच्यावर श्वासाचं दव गोठलं, तरी झटकता येतं.

मराठीत कच्चं ते कातडं आणि कमावलेलं ते चामडं. कायोटी सोलणारा माणूस विकतो ते कातडं. कमावण्याचं काम पुढे दुसराच कोणी करतो. चपलेच्या चामड्यासाठी कातडं चुन्यात घालतात ते केस सुटावेत म्हणून. फरच्या धंद्यात नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं, आणि इथे केस सोडवायला चुन्याची गरज नसते, उबेतले जिवाणू पुरतात. केसाचं मूळ वरच्या त्वचेच्याच पेशींच्या म्यानात बसलेलं असतं. जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) हे म्यान सैल झालं की केस झुपक्याने हातात येतात. सुरुवात बहुधा पोटाकडून होते, कारण आतड्यातले जिवाणू जवळ असतात. पोट हिरवट दिसू लागलं की उशीर झालेला असतो.

म्हणून जनावर कोमट असतानाच सोलणं सोपं आणि सुरक्षित. त्याआधी हातमोजे चढवायचे. खरूज, रेबीज आणि कुत्रावर्गीय प्राण्यांतली पट्टकृमीची अंडी यांच्याशी गाठ असते. खरजेने टक्कल पडलेल्या कायोटीला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यावर सुरी चालवण्यात अर्थ नाही.

कायोटी पोट उभं फाडून सोलत नाहीत. पायमोजा उलटा काढावा तसं कातडं नळीसारखं उतरवतात. एका मागच्या पंज्यापासून मांडीच्या मागच्या बाजूने गुदद्वारापर्यंत आणि तिथून दुसऱ्या पंज्यापर्यंत एकच छेद. तो दाट आणि फिक्या केसांच्या सीमारेषेवरून जायला हवा. रेषा चुकली की ताणल्यावर कड वेडीवाकडी दिसते. शेपटीचं हाड खेचून काढायचं आणि शेपटी खालच्या बाजूने टोकापर्यंत चिरायची, नाहीतर आत ओल राहून ती कुजते. मग मागच्या पायांनी टांगून कातडं खाली ओढायचं. इथे सुरीपेक्षा मूठ बरी. डोक्याशी मात्र घाई नको: कानाची कूर्चा कवटीलगत कापायची, पापण्या आणि ओठ हाडाच्या बाजूने सोडवायचे, नाक कातड्यालाच ठेवायचं.

रक्त लागलं असेल तर थंड पाण्याने धुवायचं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं केसांवर घट्ट बसतात. काटे-कुसळं विंचरून काढायची. खरवडताना कातड्याखाली एक कुसळ राहिलं, तरी सुरी तिथे भोक पाडते.

खरवडण्यासाठी कातडं केस आत ठेवून गुळगुळीत, निमुळत्या ओंडक्यावर चढवतात आणि दोन मुठींच्या पात्याने चरबी व मांसाचे पापुद्रे पुढे ढकलतात. रापीसारखी धार इथे घातक. कायोटीत चरबी तशी कमी, त्यामुळे ‘अजून थोडं स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. पण केसांची मुळं कातड्याच्या जाडीतच असतात. पातं फार खोल गेलं की ती मागून कापली जातात आणि वरून झकास दिसणारे केस नंतर गळतात. मानेवरचं जाड कातडं थोडा जोर सोसतं, पोट आणि काखा नाही. मादीच्या स्तनाग्रांवर पातं हमखास अडकतं. उलट चरबी राहिली, तर ती हवेत खवट होऊन कातडं पिवळं आणि ठिसूळ करते.

गोळीची भोकं ओल्या कातड्यातच, आतल्या बाजूने शिवायची. ताणल्यावर आणि सुकताना तेच भोक मोठं होतं.

मग ताणफळी, म्हणजे कातडं ताणून सुकवायची फळी. आधी केस आत आणि कातडं बाहेर अशा स्थितीत चढवायचं. नाक टोकाशी, डोळे एका बाजूला, कंबर नीट मध्यावर. पोटाच्या बाजूला एक पातळ पाचर सरकवतात, कारण सुकलेलं कातडं आवळून फळी सोडतच नाही. पाचर ओढली की जागा होते. लांबीवर दर ठरतो म्हणून जास्त ओढणारेही असतात. लांबी आणि रुंदी दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवली तर क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं, केस तेवढेच राहतात, म्हणजे घनता सुमारे 17 टक्क्यांनी घटते. खरेदीदाराच्या बोटांना हे कळतं.

कौशल्य लागतं ते उलटवण्याच्या वेळेला. साधारण एका रात्रीत कातडं हाताला ओलं लागेनासं होतं, पण वळतं. तेव्हा ते काढून केस बाहेर करायचे आणि पुन्हा फळीवर घालायचं. लवकर उलटवलं तर ओली बाजू लाकडाला चिकटून बुरशी धरते. उशीर झाला तर पापडासारखं तडकतं, तेही बहुधा नाकाशी किंवा पायांशी. पायांच्या घड्या उलगडून ठेवायच्या, कारण घडीत हवा पोचत नाही.

सुकवण्याची खोली 10 ते 20 अंश सेल्सिअसची, हवा खेळती. शेगडीजवळ टांगलं तर वरचा थर आधी कडक होतो, आतली ओल अडकते आणि उरलीसुरली चरबी वितळून कातड्यात मुरते. ओल्या कातड्यातलं कोलॅजन तर साठेक अंशांवर आकसूनच जातं; तो बिघाड कुठल्याही कमावणीत सुधारत नाही. मीठही लावायचं नाही. ते पेंढा भरण्यासाठी कमावायला जाणाऱ्या कातड्यांना ठीक. मिठाचं कातडं दमट दिवसांत पाणी ओढून घेतं, आणि बाजाराला हवं असतं ते नुसत्या हवेत वाळवलेलं.

हा बाजार मात्र आता आटला आहे. कॅनडा गूज या जाकीट कंपनीने 2021 मध्ये फर सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि 2022 अखेरीस फर वापरून उत्पादन करणं थांबवण्याचं ठरवलं. कॅलिफोर्नियात नव्या फरच्या विक्रीवर 2023 पासून बंदी आहे. भारतात कोल्ह्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे हे सगळं इथे करून बघण्याचा प्रश्नच नाही.

तयार माल नाकाने टांगून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही: आत दव धरतं, आणि इतकी खबरदारी घेऊन घालवलेली ओल केसांच्या मुळाशी परत येते.