ग्राफ, स्टेफी

(१४ जून १९६९ – ). जर्मनीची माजी व्यावसायिक टेनिसपटू. पूर्ण नाव स्टेफानी मारिया ग्राफ. जन्म मानहाइम येथे. वडील पेटर हेच पहिले प्रशिक्षक. १९८२ मध्ये, तेराव्या वर्षी, ती व्यावसायिक झाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील टेनिस स्पर्धा तिने जिंकली, पण ती केवळ प्रदर्शनीय असल्याने पदकांच्या हिशेबात येत नाही. १९८६ मध्ये हिल्टन हेड येथे ख्रिस एव्हर्टला हरवून तिने व्यावसायिक स्पर्धेचे पहिले जेतेपद मिळवले. १९८७ च्या फ्रेंच स्पर्धेत मार्टिना नवरातिलोव्हाला नमवून पहिले ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन व अमेरिकन या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीचे विजेतेपद) जिंकले आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला ती जागतिक क्रमवारीत अव्वल झाली.

१९८८ मध्ये तिने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा आणि सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. या पंचकाला ‘गोल्डन स्लॅम’ म्हणतात. व्हीलचेअर टेनिस वगळता एकेरीत एकाच वर्षात अशी कामगिरी अन्य कोणी केलेली नाही. मात्र या मानाची तुलना जुन्या खेळाडूंशी करणे योग्य का, यावर मतभेद आहेत. १९२४ नंतर १९८८ पर्यंत पदकांच्या खेळांत टेनिस नव्हते. त्यामुळे मॉरीन कॉनोली (१९५३), रॉड लेव्हर (१९६२ व १९६९) आणि मार्गारेट कोर्ट (१९७०) यांनी वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, तरी त्यांना सुवर्णपदकाची संधीच नव्हती. हा आक्षेप रास्त आहे. तथापि सुवर्णपदक बाजूला ठेवले, तरी एक भेद उरतो आणि तोच अधिक वजनदार वाटतो. त्यांच्या काळी चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत. ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८८ मध्येच कृत्रिम पृष्ठभागावर गेली. त्यामुळे हिरवळ, माती आणि हार्ड कोर्ट अशा तीन प्रकारच्या मैदानांवर एकाच वर्षी चारही स्पर्धा जिंकणारी ग्राफ ही पहिलीच. त्या वर्षीच्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने नताशा झ्वेरेव्हाला ६–०, ६–० असे हरवले. त्याचा अवधी सामान्यतः ३४ मिनिटे दिला जातो. पावसाचा खंड वगळून काही ठिकाणी ३२ मिनिटे धरतात.

तिच्या खेळाचा कणा म्हणजे फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारलेला फटका). रॅकेट उंच मागे नेऊन चेंडू अंमळ उशिरा, पण प्रचंड वेगाने मारण्याची तिची लकब होती. बॅकहँड (हाताची मागची बाजू पुढे ठेवून मारलेला फटका) एकहाती असे आणि बहुधा स्लाइसचाच, म्हणजे चेंडूला खालून कापत उलटी फिरकी देणारा. त्यावर चेंडू इतका खाली राही, की प्रतिस्पर्ध्याला वाकूनच तो उचलावा लागे. बॅकहँडच्या बाजूला आलेला चेंडूही ती वळसा घालून फोरहँडने मारी. हे शक्य झाले ते विलक्षण पदलालित्यामुळे; तिच्या यशाचे श्रेय फटक्यांइतकेच पायांनाही दिले पाहिजे.

३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे सामना चालू असताना तेव्हाची अव्वल खेळाडू मोनिका सेलेस हिच्यावर ग्राफच्या एका माथेफिरू चाहत्याने चाकूहल्ला केला. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ खेळाबाहेर राहिली आणि त्या काळात ग्राफने सहा ग्रँड स्लॅम जिंकली. एका उमलत्या कारकिर्दीचे हे नुकसान भरून येणारे नव्हते. ग्राफचे त्या काळातील विक्रम त्यामुळे प्रश्नांकित करणारा पक्ष आजही आहे. हल्ल्यापूर्वीच ग्राफच्या नावावर ११ ग्रँड स्लॅम होती, तसेच परतलेल्या सेलेसला १९९५ व १९९६ च्या अमेरिकन स्पर्धांच्या अंतिम फेरीत आणि १९९९ च्या फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तिने हरवले, हेही ध्यानात घेणे इष्ट.

एकूण एकेरी ग्रँड स्लॅम २२ : विंबल्डन ७, फ्रेंच ६, अमेरिकन ५, ऑस्ट्रेलियन ४. एकेरीची जेतेपदे १०७. अग्रस्थानी ३७७ आठवडे. दुहेरीत गाब्रिएला साबातिनीसह विंबल्डन (१९८८). १९९७ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. १९९९ मध्ये मार्टिना हिंगिसला हरवून तिने शेवटचे फ्रेंच विजेतेपद मिळवले आणि १३ ऑगस्टला, क्रमवारीत तिसरी असताना, निवृत्ती जाहीर केली. २००१ मध्ये आंद्रे आगासीशी विवाह, दोन अपत्ये. युद्ध व हिंसेने होरपळलेल्या मुलांसाठी तिने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे काम हॅम्बुर्ग येथून चालते.