अ‍ॅमॅच्युअर की प्रोफेशनल? वल्हवण्याच्या जुन्या इतिहासातला एक कायमचा घोळ

ब्रिटिश साम्राज्याच्या काळातल्या रोइंगबद्दल कुणी लिहिलं की हमखास एक वाक्य येतं, "प्रोफेशनल पैशासाठी वल्हवायचे, अ‍ॅमॅच्युअर हौसेसाठी." अहो, एवढं सोपं असतं तर भांडणं कशाला झाली असती?

प्रोफेशनल म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. पैज लावायची, जिंकेल त्याने पैसे घ्यायचे. न्यू साउथ वेल्सचा एडवर्ड ट्रिकेट 1876 ला थेम्सवर सॅडलरला हरवून स्कलिंगचा जगज्जेता झाला तो असाच. (आणि स्कलिंग, रोइंग यातला फरक विचारू नका, स्कलिंगला एका माणसाच्या हातात दोन वल्ही, रोइंगला एक, संपलं.)

खरी गोम अ‍ॅमॅच्युअरमध्ये आहे. हेन्ली रेगाटाने (इंग्लंडमधली थेम्सवरची मानाची रोइंग स्पर्धा) 1879 ला जो नियम केला त्यात पैशासाठी शर्यत लावलेला बाद, हे ठीक, पण त्यातच खाली असंही होतं की जो मजुरीवर मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर आहे किंवा कधीकाळी होता तोही अ‍ॅमॅच्युअर नाही. म्हणजे आयुष्यात वल्हवून एक पेनी घेतली नसेल तरी तुम्ही बाहेर, कारण तुम्ही हाताने काम करता! आपला ऑलिंपिक रोअर दत्तू भोकनळ सैन्यात जायच्या आधी विहिरी खोदायच्या कामावर जायचा, त्या नियमाने तोही बाद. बक्षिसाचा प्रश्नच नाही, प्रश्न हाताला घट्टे आहेत का हा.

सिडनीचा बॉबी पिअर्स बघा. 1928 ला अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकचं सिंगल स्कल्सचं गोल्ड त्याचं, आणि त्याच वर्षी हेन्लीच्या डायमंड स्कल्सला (तिथली एकट्याने स्कलिंग करायची शर्यत) मात्र प्रवेश नाकारला, का तर तो सुतार. लोक त्याचा तो बदकांसाठी होडी थांबवल्याचा किस्सा शंभरदा सांगतात आणि हे मात्र गाळतात, माझं डोकंच फिरतं. पुढे 1930 ला कॅनडात हॅमिल्टनच्या एम्पायर गेम्समध्ये (आजचे कॉमनवेल्थ गेम्स) जिंकला, तिथेच राहिला, त्याला व्हिस्की विकायची नोकरी मिळाली आणि 1931 ला हाच माणूस हेन्लीत उतरला आणि डायमंड स्कल्स जिंकला. नियमात "कधीकाळी होता" हे शब्द असूनही! रंधा मारला तर बाद, व्हिस्की विकली तर साहेब.

अमेरिकेच्या जॉन केलीचंही उदाहरण देतात, 1920 ला हेन्लीने गवंडी म्हणून नाकारला म्हणून. पण तिथे त्याच्या व्हेस्पर क्लबवर आधीपासून बंदी होती, ते कारणही होतंच, तेव्हा ती केस पिअर्सइतकी स्वच्छ नाही. त्यापेक्षा 1936 ची ऑस्ट्रेलियन आठजणांची टीम घ्या, सगळे पोलीस, म्हणून हेन्लीने घेतलंच नाही. शेवटी 1937 ला हेन्लीने ते हातकामाचं कलम काढलं.

तोवर पिअर्स अ‍ॅमॅच्युअर रोइंगमधून बाहेर पडला होता. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये दुसरं गोल्ड घेतलं आणि 1933 ला टोरोंटोत टेड फेल्प्सला हरवून प्रोफेशनल जगज्जेता झाला. तेव्हा 1936 ला बर्लिनमध्ये तो का दिसत नाही, म्हातारा झाला होता का, असं कृपया विचारू नका. प्रोफेशनलला तेव्हा ऑलिंपिक बंद होतं, यावेळी मात्र कारण खरोखर पैशाचंच होतं.